कोवळा मस्टँग घ्यायचाय: कोरं शिंगरू की माणसाळलेला घोडा?

अमेरिकेतल्या आपल्या घरांमध्ये मुलं राइडिंग शिकायला लागली की कधी ना कधी विषय निघतोच: मस्टँग, म्हणजे इथला रानघोडा, म्हणे १२५ डॉलरला मिळतो, घेऊया का?

मिळतो, हे खरं. १९७१ च्या कायद्यानं पश्चिमेकडच्या सरकारी माळरानांवरच्या रानघोड्यांना संरक्षण मिळालं. माळाला झेपत नाहीत इतके झाले की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम), म्हणजे या सरकारी जमिनी सांभाळणारं खातं, त्यांतले काही पकडून दत्तक देतं. माणसाचा हात न लागलेल्या घोड्याची फी १२५ डॉलरपासून सुरू होते. प्रशिक्षकानं माणसाळवलेला तरुण मस्टँग मात्र अनेकदा काही हजारांना पडतो. आकडे असे शेजारी ठेवले की कोरं शिंगरू स्वस्त वाटतं, आणि इथंच बहुतेकांची फसगत होते.

वर्षाचं शिंगरू घेतलं तर त्यावर बसायला निदान दोन-तीन वर्षं थांबावं लागणार. तोवर वैरण, लसी, दर सहा-आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी हे सगळं चालूच. शिवाय म्होरकी घालू देणं, पाय उचलू देणं, एकटं उभं राहणं हे कुणीतरी रोज शिकवायला हवं. ते तुम्हाला जमत नसेल तर प्रशिक्षक आला, आणि त्याची महिन्याची फी दत्तक फीच्या कितीतरी पट. त्यात बीएलएमच्या अटी: प्रत्येक घोड्यामागे किमान ४०० चौरस फुटांचं आवार, निवारा, आणि मजबूत कुंपण. दीड वर्षाखालच्या शिंगराला पाच फुटी चालतं, त्यावरच्या न हाताळलेल्या घोड्याला सहा फुटी लागतं.

तरीही कोऱ्या शिंगराची बाजू लंगडी नाही. त्याला कुणी चुकीचं काही शिकवलेलं नसतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. शिवाय वर्षाचं पोर मोठ्या घोड्यापेक्षा लवकर रुळतं, आणि बिथरलं तरी अंगानं अजून लहान असतं. घरात घोड्यांत मुरलेलं माणूस असेल तर मी शिंगराच्याच बाजूनं बोलेन.

ते निवडायचं कसं? हात लावता येत नाही, म्हणून सगळी परीक्षा कुंपणाबाहेरून. रेनोजवळच्या पालोमिनो व्हॅलीसारख्या केंद्रावर गेलात तर घाई करू नका. एका जागी शांत उभे राहा आणि कळप तुमच्याभोवती कसा वागतो ते बघा. सगळी पोरं पळाली, तर आधी थांबून वळून कोण बघतं? दोन्ही कान आणि दोन्ही डोळे तुमच्याकडे लावून नाक फेंदारणारं शिंगरू मला आवडतं. कुंपणावर आदळत राहणारं किंवा इतरांच्या आडच लपणारं नवख्यानं घेऊ नये. सगळ्यात आधी जवळ येणारं धीट पोरही नीट निरखा. त्याच्या धिटाईत कुतूहल किती आणि दांडगाई किती, हे ते इतरांना चाऱ्यावरून कसं हुसकतं त्यावरून समजतं.

मग पाय. चालताना मोबाइलवर चित्रीकरण करा आणि सावकाश करून पुन्हा बघा. चारही पावलं सारखी पडतात का, समोरून गुडघे सरळ दिसतात का, सांध्यांवर सूज आहे का, बेंबीपाशी गाठ आहे का. जबड्याखाली सूज आणि नाकातून घट्ट स्राव दिसला तर स्ट्रँगल्सची (घोड्यांच्या घशाच्या संसर्गजन्य रोगाची) शंका घ्या आणि विचारा. रंग शेवटी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आणि पंचकल्याणी (चारही पाय नि तोंड पांढरं) बघून भाव चढतो, पण मस्टँग घेताना भोवऱ्यांत वेळ घालवू नका. तो वेळ खुरांना द्या.

माणसाळलेल्या घोड्याची परीक्षा वेगळी, आणि थोडी निष्ठुर. प्रशिक्षकाच्या हाताखाली तो शहाणाच दिसणार, तो त्याचाच घोडा झालेला असतो. म्हणून तुम्ही स्वतः मोठ्या आवारात त्याला पकडा, म्होरकी घाला, चारही खूर उचला, ट्रेलरमध्ये चढवा. दुसऱ्या दिवशी, आधी न कळवता जमलं तर फारच उत्तम, पुन्हा जाऊन हेच करा. तुमच्या बाजूचा पशुवैद्य नेऊन तपासणी करून घ्या, विक्रेत्याचा नको. आणि दोन वर्षांच्या घोड्यावर महिनोन्महिने खोगीर चढलंय हे कुणी अभिमानानं सांगितलं तर सावध व्हा. त्या वयात हाडं वाढत असतात, पाठीचा कणा तर पाच-सहा वर्षांपर्यंत पक्का होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: पहिलाच घोडा असेल, तर हाताळलेला, तीन-चार वर्षांचा घ्या. जास्तीचे पैसे मुलाच्या सुरक्षिततेवर जातात.

खासगी माणसाकडून घेताना मानेच्या डाव्या बाजूची, आयाळीखालची गोठण-खूण (फ्रीझमार्क, म्हणजे अतिथंड लोखंडानं उठवलेली सरकारी खूण) वाचायला शिका. काटकोनांसारख्या चिन्हांत आकडे असतात: आधी सरकारी खूण, मग एकावर एक दोन चिन्हांत जन्मवर्ष, मग नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मालकीपत्राशी जुळलाच पाहिजे. दत्तक घेतलेल्या मस्टँगची मालकी किमान वर्षभरानंतरच मिळते, तोवर तो सरकारचाच. म्हणून कागद हातात नसताना कुणी विकायला निघाला, तर घोडा कितीही गोड असो, पैसे देऊ नका.