आठ ज्येष्ठ आणि रात्री एक माणूस

आत्याला आम्ही ज्या निवासात ठेवलं होतं तिथे आठच ज्येष्ठ राहत होते. मोठ्या संस्थेत माणसाचा नंबर होतो, आमच्याकडे प्रत्येकाकडे जातीने लक्ष असतं, असं संचालिकाबाईंनी सांगितलं होतं आणि कोणालाही पटावं असंच ते बोलणं होतं. निवासाचं नाव लिहीत नाही. एकतर वाद अजून मिटलेला नाही आणि दुसरं म्हणजे नाव कळून फारसा उपयोगही नाही, हाच प्रकार वेगळ्या पाटीखाली दुसरीकडे चालू असू शकतो. पण पैसे घेऊन काळजी न घेण्याचं हे तंत्र कसं चालतं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या माणसासाठी जागा शोधणारे बहुतेक जण आम्ही पाहिलं तेच पाहतात: खोली, उजेड, स्वच्छ चादरी, बोलण्यातला गोडवा. यातलं काहीही खोटं नव्हतं.

खोटं होतं ते माणसांच्या संख्येत. ‘आठ जणांमागे पाच कर्मचारी’ असं सांगितलं गेलं आणि भिंतीवर पाच जणांचे फोटोही होते. ऐकताना दीड माणसामागे एक कर्मचारी असा भास होतो. आता हिशेब करून बघा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं, तर एकच जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, आणि यात रजा, आजारपण काहीच धरलेलं नाही. आमच्या पाचांतली एक स्वयंपाकाची, एक साफसफाईची. उरले तीन. म्हणजे आठ जणांना उठवणं, आंघोळ घालणं, बाथरूमला नेणं, औषधं देणं, रात्री कूस बदलणं या सगळ्यासाठी कोणत्याही घटकेला जेमतेम एक जण, आणि तोही ठरलेल्या तासांपेक्षा जास्त राबणारा. एका आजींना आंघोळ घालायला अर्धा तास लागला, तर तेवढा वेळ बाकीचे सात जण रामभरोसे. मोठ्या संस्थेत एक जण गैरहजर राहिला तर दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी येतं. छोट्या जागेत येणार कुठून? लहान असणं हा गुण तेव्हाच, जेव्हा माणसं पुरेशी असतात. हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

तरीही पत्ता लागला नसता. भेटीची वेळ आधी कळवायची असा नियम होता आणि ती वेळ नेहमी सकाळी अकराच्या सुमाराची मिळायची. तेव्हा तिथे पाचही जण असायचे. एकदा मी जवळच कामाला गेले होते, परत निघायला उशीर झाला, म्हणून रात्री दहानंतर न कळवता गेले. दार उघडायला बराच वेळ लागला. आत एकच मुलगी, दिवसपाळी करून तशीच रात्रीलाही थांबलेली. बाकीचे कुठे, तर याच संचालिकाबाईंच्या दुसऱ्या घरात. तेच पाच जण दोन्ही ठिकाणच्या भिंतींवर फोटोत होते. ‘चोवीस तास नर्स’ कुठे आहेत म्हणून विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, “ताई, सिस्टर फोनवर असतात.” करार नंतर पुन्हा काढून वाचला. त्यात शब्द होते ‘नर्सिंग सेवा चोवीस तास उपलब्ध’. फोन उपलब्धच होता म्हणा.

आत्याच्या पलंगाजवळची बेलची दोरी गुंडाळून वर खिळ्याला अडकवलेली होती. तिचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. शेजारच्या खोलीतही तसंच. त्या मुलीवर मला आजही राग नाही. आठ जणांच्या घंटांना एकटी किती धावणार? दोरी वर अडकवायची शक्कल तिची नव्हती, हे तिने दबक्या आवाजात सांगितलं. त्या रात्री आग लागली असती, तर वॉकरवर चालणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या आठ जणांना तिने एकटीने बाहेर कसं काढलं असतं, हा प्रश्न मी नंतर संचालिकाबाईंना विचारला. त्यांनी अग्निशमन यंत्राचा फोटो पाठवला.

आता सगळ्यात संतापजनक भाग. आत्या तिथे गेली तेव्हा काठी घेऊन स्वतः चालत होती, स्वतः कपडे घालत होती. थोड्या आठवड्यांत ती दिवसाही पेंगायला लागली, हनुवटी छातीला टेकलेली. बोलताना मध्येच धागा सुटायचा, तोंड सतत कोरडं, चालताना तोल जायचा. ‘वय झालंय, जागा नवीन आहे, हळूहळू रुळतील’ असं उत्तर मिळायचं. मग एक पत्र आलं: आत्यांचं नव्याने मूल्यमापन केलं असून त्यांना आता ‘लेव्हल दोन’ची काळजी लागते, सबब मासिक शुल्क वाढवत आहोत.

अशा मूल्यमापनाला खरा आधार असतो, ते मुळात थोतांड नाही. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला, रोजच्या गोष्टी माणूस स्वतः करू शकतो का हे मोजणारा निर्देशांक आजही वापरतात. त्यात सहा गोष्टी बघतात: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येकात माणूस स्वतंत्र आहे की त्याला मदत लागते एवढंच नोंदवायचं. आत्याच्या कागदावर सहापैकी तिनांपुढे ‘मदत लागते’ अशी खूण होती. खूण करणाऱ्या संचालिकाबाई, बिल लावणाऱ्याही त्याच. बाहेरच्या डॉक्टरांनी तपासलेलं नाही, आम्हाला समोर बसवलेलं नाही.

कोडं सुटलं ते बिलांमुळे. महिन्याच्या बिलाला औषधाच्या दुकानाची पावती टाचलेली असायची आणि ती कोणी फारशी वाचत नाही. तिच्यावर आत्याला कधीच चालू नसलेलं एक औषध होतं, डायफेनहायड्रामिन. हे ॲलर्जीवरचं जुन्या पिढीतलं औषध, गुंगी येते म्हणून झोपेसाठीही देतात. आत्याला ॲलर्जी नव्हती. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली होती, ती ‘बिअर्स क्रायटेरिया’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी ही वृद्धांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था तिच्यात सुधारणा करत असते, २०२३ मध्येही केली. हे औषध त्या यादीत आहे. कारणंही तिथे दिली आहेत: गोंधळलेपण, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ वगैरे. रात्री एकच माणूस असलेल्या घरात सगळे आठच्या आत झोपलेले बरे, हे गणित आता तुमच्याही लक्षात आलं असेल. गोळी द्यायची, गोळीने तोल गेला की ‘चालायला मदत लागते’ असं लिहायचं आणि त्या मदतीचे जास्तीचे पैसे घ्यायचे. मदत तर नव्हतीच.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ते औषध बंद केलं. काही दिवसांत आत्या ताळ्यावर आली आणि तिने पहिलं काय विचारलं, तर तिचा चष्मा कुठे आहे. तो निवासाच्या कपाटात, दुसऱ्या कोणाच्या तरी डबीत सापडला. (इथे एक सांगून ठेवते: झोपेच्या किंवा मनावरच्या गोळ्यांचा संशय आला, तरी घरच्या घरी एकदम बंद करू नका. काही औषधं अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा.)

औषधांचा तक्ता मी मागितला तेव्हा आधी टाळाटाळ झाली. मग मिळाला. महिनाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच वळणाच्या, आणि उद्याच्या तारखेच्या रकान्यातही सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खुणा करून ठेवलेल्या. मी तिथल्या तिथे फोटो काढला. तुम्ही एकच कागद बघणार असाल तर हा बघा. खऱ्या तक्त्यात खाडाखोड असते. कुठे ‘घेतली नाही’ लिहिलेलं असतं, कुठे वेळ पुढेमागे झालेली असते, सह्या वेगवेगळ्या असतात. निर्मळ तक्ता म्हणजे एका बैठकीत भरलेला तक्ता.

वजनाचंही तेच. आत्याचे ब्लाउज सैल व्हायला लागले होते आणि नोंदवहीत दर महिन्याला तोच आकडा, दशांशासकट. काटा बघायला मागितला तर त्यात सेल नव्हते. महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटलं, तर ते काळजीचं मानतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो. एवढं नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून वजन स्वतःच्या काट्यावर करा. मी आता छोटा काटा पिशवीत घेऊन फिरते, लोक हसतात, हसू द्या.

आणि त्वचा. भेटीला गेल्यावर आपण चेहरा बघतो, खरी गोष्ट माकडहाडावर आणि टाचांवर लिहिलेली असते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, पण तसाच लाल राहिला, तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी असते. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून आजूबाजूपेक्षा गरम, गार, कडक किंवा मऊ लागतंय का ते बघायचं. ज्याला स्वतःला हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची पद्धत आहे, गादी आणि तब्येत बघून यात फरक होतो. बेडसोरचा धोका मोजायला ‘ब्रेडन स्केल’ आहे: ६ ते २३ गुण, आणि १८ किंवा त्याखाली गेले की धोका धरतात. ‘तुम्ही हा स्केल लावता का आणि शेवटचा कधी लावला?’ एवढं विचारलं तरी पुरे. संचालिकाबाईंनी मला “आम्ही मायेने बघतो” असं सांगितलं होतं. मायेचा तक्ता नसतो. आत्याच्या टाचेवर न जाणारा डाग होता, वेळेत लक्षात आला म्हणून पुढचं टळलं.

कोणी मला विचारलं की मग जागा पारखायची कशी, तर मी खोली शेवटी बघायला सांगते. आधी गेल्या आठवड्याचा हजेरीपट मागा, पुढच्या आठवड्याचा नको, कारण पुढचा कसाही आखता येतो. त्यातल्या रात्रीच्या पाळीची नावं वाचा आणि तीच नावं दिवसपाळीतही आहेत का ते बघा. जमलं तर न कळवता जा, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी किंवा पाळी बदलण्याच्या वेळी. न कळवता यायला बंदीच असेल, तर माझ्या मते तिथून उठावं. बसल्या बसल्या बेल दाबून घड्याळ लावा. पाण्याचा पेला हाताशी आहे की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, कवळ्या धुतलेल्या आहेत का, नखं कापलेली आहेत का, दुपारी किती जण खुर्चीत पेंगताहेत, हे नुसतं बघत राहिलं तरी कळतं. केअरटेकरला एकटीला गाठून किती दिवस झाले इथे म्हणून विचारा. सगळेच नवे असतील, तर जुने का गेले याचा शोध घ्या.

करारात लेव्हल कोण ठरवणार ते वाचा आणि बाहेरच्या डॉक्टरांची सही लागेल असं लिहून घ्या. प्रवेशाच्या दिवशी तुमच्या डॉक्टरांकडून त्या सहा गोष्टी लिहून घेऊन दोन्ही बाजूंच्या सह्या करून ठेवा. नवीन औषध सुरू करण्याआधी घरच्यांना कळवायचं, हेही करारात असू द्या. ‘उपलब्ध’, ‘गरजेनुसार’, ‘शक्य तितकं’ असे शब्द दिसले की त्यांच्या जागी आकडा मागा: रात्री किती माणसं, कुठल्या इमारतीत, जागी की झोपलेली.

बाहेर पडताना अनामत रकमेतून ‘खोलीची दुरुस्ती’ म्हणून मोठी रक्कम कापली गेली. उद्याच्या तारखेच्या खुणांचा तो फोटो नोंदणी करणाऱ्या खात्याकडे तक्रारीसोबत दिल्याचं कळवलं, तेव्हा ती रक्कम परत आली. लेव्हल दोनचे पैसे अजून अडकलेले आहेत. त्यांच्या वकिलांनी कळवलंय की मूल्यमापनाच्या दिवशी आत्यांना आधार लागत होता, एवढंच महत्त्वाचं. उत्तराला आम्ही औषधाच्या दुकानाची पहिली पावती जोडतो आहोत. तिची तारीख मूल्यमापनाच्या आधीची आहे.