स्लॅबमधल्या रुपयाचा भाव: एनजीसी व्हेरिफिकेशन, प्राइस गाइड आणि लिलावाचे निकाल काही महिने वापरल्यानंतर

स्लॅब म्हणजे नाणं तपासून, त्याला ग्रेड (दर्जाचा अंक) देऊन कंपनीने बंद केलेली पारदर्शक प्लॅस्टिकची डबी; एनजीसी आणि पीसीजीएस या अशा कंपन्या. हा अनुभव फक्त ब्रिटिश इंडियाच्या चांदीच्या रुपयांपुरता आहे. तीन साधनांपैकी व्हेरिफिकेशन (स्लॅबचा नंबर कंपनीच्या साइटवर पडताळणं) उत्तम, लिलावाचे निकाल अत्यावश्यक आणि प्राइस गाइड (कंपनीची अंदाजे किमतींची यादी) जवळपास निरुपयोगी, असं माझं मत आहे.

आधी चांदी. 1835 ते 1939 चा रुपया 11.66 ग्रॅमचा आणि 91.7 टक्के शुद्ध, म्हणजे निव्वळ चांदी साधारण 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, 5.83 ग्रॅम. त्या दिवशीचा गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला, चांदीचा भाव धरून हा आकडा काढून ठेवायचा. त्याखाली किंमत जात नाही. मात्र गुजरीत स्लॅब घेऊन गेलात तर सराफ आधी तो फोडायला सांगेल, कारण त्याला वजनाशी मतलब, एमएस 63 शी नाही (एमएस म्हणजे चलनात न वापरलेल्या नाण्याचा ग्रेड; अंक जितका मोठा तितकं नाणं चांगलं).

एनजीसी किंवा पीसीजीएसच्या साइटवर सर्टिफिकेट नंबर टाकून ‘नंबर जुळला’ एवढ्यावर थांबू नका. नकली स्लॅबवर बऱ्याचदा खऱ्या नाण्याचाच नंबर छापलेला असतो. साइटवर फोटो असेल तर गालावरचा एखादा ओरखडा, कडेचा एखादा डाग, टोनिंगची (चांदीवर काळानुसार चढलेल्या रंगाची) रेघ अशा दोन-तीन खुणा समोरच्या नाण्यावर शोधा. स्लॅबच्या जोडावर पांढुरका चरा किंवा टवका दिसला तर तो उघडलेला असण्याची शक्यता धरा. लेबलवर ‘डिटेल्स’ शब्द असेल तर अंकी ग्रेडच्या भावाशी तुलना करूच नका. नाणं अस्सल आहे, पण घासलेलं, पॉलिश केलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे, असा त्याचा अर्थ.

ग्रेड तोच असला तरी नाणं तेच नसतं. खोलीतले दिवे बंद करून एकाच बल्बखाली स्लॅब हळूहळू कलता करा. चांगल्या रुपयावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो; धुतलेल्यावर तो जागीच मरतो आणि समांतर बारीक रेघा दिसतात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झीज आधी मुकुट, भुवई आणि झग्यावरच्या हत्तीवर दिसते, तिथे दहापट भिंग लावा. स्लॅबच्या प्लॅस्टिकवरचे ओरखडे नाण्यावरचे समजू नका. स्लॅब हलवल्यावर जी रेघ नाण्यावरून सरकते ती प्लॅस्टिकची. चमकदार एयू 58 (अगदी किंचित झिजलेलं नाणं) कधीकधी निस्तेज एमएस 61 पेक्षा देखणा असतो, आणि स्वस्तही मिळतो.

आता खरं काम, भाव. प्राइस गाइडचे आकडे डॉलरमध्ये आणि मोघम; आपल्याकडच्या सौद्यांशी अनेकदा मेळ बसत नाही. विक्रेता मात्र तेच पुढे करतो. त्याऐवजी मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूच्या लिलावांचे गेल्या दोन-तीन वर्षांचे निकाल काढा. साल, टांकसाळ, ग्रेड आणि ग्रेड देणारी कंपनी, चारही जुळले पाहिजेत. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली उठावदार ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. लेबलवर हे कंसात लिहिलेलं असतं. सर्वांत चढा निकाल बाजूला ठेवा; दोन हट्टी बोलीदारांमुळे भाव कुठेही जातो.

निकालातला आकडा हॅमर प्राइस (लिलावातली शेवटची बोली) आहे की कमिशनसकट, हे पाहायला बरेच जण विसरतात. समजा हॅमर 10,000 आणि खरेदीदाराचं कमिशन 15 टक्के. घेणाऱ्याला 11,500 अधिक जीएसटी पडतो. विकणाऱ्याकडून 10 टक्के कापले तर त्याच्या हातात 9,000. खासगी सौद्यात वाजवी किंमत या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असायला हवी. चांदी चढलेली असेल तर जुन्या निकालातून त्या दिवशीची चांदीची किंमत वजा करून आजची मिळवा. हलक्या ग्रेडला याने मोठा फरक पडतो, एमएस 65 ला नगण्य.

‘टॉप पॉप’, म्हणजे कंपनीने ग्रेड दिलेल्या नाण्यांच्या यादीत सर्वांत वरचा ग्रेड, म्हणून जादा मागणाऱ्यापासून सावध. त्याहून वरच्या ग्रेडचं नाणं नाही असं नव्हे, कुणी ते ग्रेडिंगला पाठवलेलं नाही, एवढंच. साध्या सालाचा रुपया ग्रेडिंगच्या फीपेक्षा स्वस्त असेल तर पाठवणार कोण? उलट, तेच नाणं फोडून पुन्हा पाठवलं की यादीत दोनदा मोजलं जाऊ शकतं. 1911 च्या ‘डुक्कर छाप’ रुपयाचंही असंच: झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि 1912 मध्ये तो बदलला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे विक्रेता गोष्टीचेही पैसे लावतो. तुम्ही निकालच पाहा.

कच्चं, म्हणजे स्लॅबमध्ये नसलेलं, नाणं घेऊन परदेशात ग्रेडिंगला पाठवू, असा हिशेब करत असाल तर थांबा. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.

स्लॅब हवाबंद नसतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि पुड्या बदलत राहा. आधीच टोनिंग वाढलेलं नाणं जुन्या फोटोवरून घेऊ नका, ताजा फोटो मागा.

1939 च्या रुपयाला मात्र स्लॅबचे जादा पैसे बिनदिक्कत मोजा. 1938 मधला 8 कोरून 9 केलेले रुपये बाजारात फिरतात, आणि तो फरक नुसत्या डोळ्यांनी पकडणं कठीण. साध्या सालाच्या एमएस 62 साठी कच्च्या चांगल्या रुपयाच्या दुप्पट मागत असतील तर सरळ नाही म्हणा.