बारा वर्षांची ऑडी टीटी आणि नागपूरचे उंच होत गेलेले रस्ते

गाडी आणून तेरा महिने झाले आणि ७,४०० किलोमीटर चालवून झाली. आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या.

गाडी ऑडी टीटी कूपे, २०१२ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २११ अश्वशक्ती, चारही चाकं ओढणारी क्वाट्रो आणि सहा गिअरचा एस-ट्रॉनिक ऑटोमॅटिक. किंमत दिली १३ लाख ९० हजार. त्यावर पहिल्या चार महिन्यांत आणखी पावणेदोन लाख गेले. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने खरं तर हा दुसरा आकडा आधी विचारायला हवा. विचारत कुणीच नाही, मीही नव्हता विचारला.

माझी धंतोलीत डेंटल लॅब आहे. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या बनवतो. २०१२ मध्ये स्कूटी पेपवर कॅपचे डबे पोचवत फिरायचे, तेव्हा लॉ कॉलेज चौकात सिग्नलला एक चंदेरी टीटी शेजारी येऊन थांबली. छताची ती कमान बंपरपासून बंपरपर्यंत एका हाताने ओढल्यासारखी. सिग्नल सुटला, मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी तिथेच. तेव्हापासून डोक्यात बसली होती. मर्सिडीज एसएलके आणि बीएमडब्ल्यू झेड-फोरही मधल्या काळात पाहून झाल्या, पण मे महिन्यात ४५ अंश असणाऱ्या गावात टप उघडणारी गाडी घेऊन करायचं काय?

पहिली टीटी पाहिली ती वर्धा रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये. पांढरी, चकचकीत, मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ‘एकदम टच-लेस’. सोबत माझ्या ओळखीचे भाटवे आले होते, खिशात लोहचुंबक घेऊन. पोचे बुजवायला लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे चुंबक चिकटत नाही, हे त्यांचं शास्त्र. दाराला चिकटलं. पुढच्या मडगार्डला लावलं तर टपकन खाली पडलं. “गाडी ठोकलेली आहे!” असं त्यांनी भर शोरूममध्ये जाहीर करून टाकलं. मी त्यांना दुसऱ्या बाजूचं मडगार्ड दाखवलं. तिथेही पडलं. बॉनेटवरूनही पडलं. या पिढीच्या टीटीची बॉडी वजनाने ६९ टक्के ॲल्युमिनियमची आहे, लोखंड मुख्यतः दारं, डिकीचं झाकण आणि मागच्या तळाला. तेव्हा टीटी पाहायला जाताना चुंबक घरी ठेवा.

पण गाडी ठोकलेली होतीच. ते कळलं माझ्या पर्समधल्या शेड गाईडमुळे. ही सोळा खोट्या दातांची पट्टी असते, दाताचा रंग जुळवायला. आमच्या धंद्यात पहिला नियम असा की रंग ट्यूबलाइटखाली बघायचा नाही, कारण एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात. म्हणून गाडी बाहेर काढायला लावली. सकाळचे दहा वाजले होते. दाराशी पट्टीतला बी-वन या शेडचा दात लावला, जवळपास तोच. उजव्या मडगार्डशी लावला तर मडगार्ड पिवळट, ए-वनकडे झुकलेलं. मग बॉनेटच्या फटीत बोट फिरवलं. डावीकडे फट सरळ, उजवीकडे दिव्याजवळ येऊन रुंद. लोखंडी पत्रा कुठलाही डेंटर ठोकून सरळ करतो, ॲल्युमिनियमला वेगळी हत्यारं आणि वेगळा हात लागतो. शोरूमवाला म्हणाला, “मॅडम, तुम्ही गाडी बघून राहिल्या का दात?” उत्तर न देता आम्ही निघालो. भाटव्यांचं चुंबक मात्र तिथेच राहिलं आणि त्याबद्दल ते अजून बोलतात.

दुसरी, म्हणजे ही गाडी, सिव्हिल लाइन्समधल्या एका निवृत्त डॉक्टरांची. माझ्याकडे काम पाठवणाऱ्या एका डेंटिस्टने सांगितलं. राखाडी रंग, पहिलाच मालक, झाकलेलं गॅरेज, एमएच-३१ चा नंबर आणि १२ वर्षांत फक्त ३१,००० किलोमीटर. डॉक्टरांनी एक डायरी काढून दाखवली. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे, सगळं निळ्या शाईत. “बेटा, इसको धूप नहीं दिखाई मैंने,” असं म्हणाले. स्टिअरिंगच्या कातड्याची झीज, सीटच्या डाव्या-उजव्या उंचवट्यांवरच्या सुरकुत्या, सगळं किलोमीटरशी जुळत होतं. झीज खोटं बोलत नाही, दाताचीही नाही. मी तिथेच हो म्हटलं.

चूक इथे झाली. गाडी खोटी नव्हती, डॉक्टर तर मुळीच नव्हते. ‘कमी चाललेली’ म्हणजे ‘चांगली’ असं मी गृहीत धरलं होतं.

हिंगणा एमआयडीसीतल्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी उकिडवं बसून टायर पाहिला. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २२१६. म्हणजे २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचा नव्यासारख्या खोल आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा, भर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारख्या. “मॅडम, गाडी चालली नाही म्हणून चांगली असते, असं कोण सांगते तुमाले? उभ्या उभ्याच खराब होते ना ते.” मग त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली आणि मी पाठकोऱ्या वर्क ऑर्डरवर लिहायला.

२४५/४० आर १८ मापाचे चार टायर ६२ हजार. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर २४ हजार. हे ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं, डॉक्टरांची गाडी तिथवर पोचलीच नव्हती, म्हणून १२ वर्षं तेच तेल. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्स क्लचचं तेल ९ हजार, बॅटरी साडेतेरा, इंजिन ऑइल आणि प्लग १४, पुढच्या चाकांच्या आर्मचे रबरी बुश २७ हजार, दाराची रबरं आणि लॉक १८, एसीची साफसफाई ६. बेरीज मी पुन्हा पुन्हा केली, कमी होत नाही.

या इंजिनात एक गोष्ट घेण्याआधी बघायलाच हवी, ती म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर, चेन ताणून धरणारा भाग. त्या काळातल्या या दोन लिटर टर्बो इंजिनांमध्ये जुन्या घडणीचा टेन्शनर सुटला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग इंजिनच उघडावं लागतं. पुढे कंपनीने सुधारलेला टेन्शनर आणला. कव्हरवरचं छोटं बूच काढून आत कोणता बसलाय ते दिसतं, आणि लॅपटॉप लावला की चेन किती ताणली आहे त्याचा अंदाज येतो. माझ्या गाडीत सुधारलेला निघाला. बूच निघेपर्यंतची ती दहा मिनिटं मी शेजारच्या टपरीवर तर्री पोह्यांची प्लेट समोर घेऊन बसले होते. एक घास गेला नाही.

गिअरबॉक्सचा किस्सा वेगळा. मिस्त्रींकडे तेल बदलण्याच्या आधी, व्हरायटी चौकातल्या गर्दीत गाडी तापली की पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना हिसका द्यायची. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने मेकॅट्रॉनिक युनिटच, म्हणजे गिअर बदलणारा अख्खा कंट्रोलच, बदलायला सांगितलं, दोन लाख दहा हजार. एसी केबिन, कॉफी, छापील अंदाजपत्रक, सगळं व्यवस्थित. तेल कधी बदललं होतं, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी तेल आणि फिल्टर बदलून, लॅपटॉपवरून क्लचची सेटिंग नव्याने शिकवली. हिसका गेला, तो अजून परत आलेला नाही.

आता चालवण्याबद्दल. टीटीचं स्टिअरिंग खालून सपाट आहे आणि बसायची जागा इतकी खाली की रिक्षातला माणूस वरून बघतो. १०० चा वेग ५.६ सेकंदांत गाठते असं कंपनी सांगते, मी कधी मोजलं नाही. मला आवडतो तो ५० ते ९० मधला ओढा. ट्रकला मागे टाकायचं ठरवेपर्यंत ट्रक मागे गेलेला असतो. पावसाळ्यात अमरावती रोडवर पाणी साचलेल्या वळणावर क्वाट्रो काय करते ते कळलं. काहीच करत नाही असं वाटतं, तीच तिची खुबी. शहरात लिटरला साडेसात, समृद्धी महामार्गावर १०५ ने तेरा. पेट्रोलच्या गोल झाकणाच्या आत ९५ ऑक्टेनची चिठ्ठी आहे, म्हणून प्रीमियम भरते.

समृद्धीवर एक गंमत होते. टीटीच्या मागच्या झाकणात एक पातळ पंख लपलेला असतो, १२० ओलांडले की आपोआप वर येतो आणि ८० च्या खाली आत जातो. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीला तो नव्हता. जर्मनीत भरधाव गाड्यांचे गंभीर अपघात झाल्यावर ऑडीने गाड्या परत बोलावून मागे पंख बसवला. तर समृद्धीवर मोटारींची कमाल वेगमर्यादा आहे नेमकी १२०. म्हणजे कायदा पाळणाऱ्या नागपूरकराचा पंख जन्मात वर येणार नाही! शिवमडक्याहून शिरून येळाकेळीपर्यंत मी ११८ वर काटा धरून भाच्याला आरशात बघायला लावलं, पण पंख ढिम्म. शेवटी बटण दाबलं. बटणाने उभा राहतो.

हाच भाचा मागच्या सीटवर बसला होता. आठवीत आहे, मान वाकडी करून बसला आणि येळाकेळीला उतरून म्हणाला, “मावशी, येताना मी पुढे.” मागची सीट माणसांसाठी नाहीच. ती पाडली की डिकी २९० वरून ७०० लिटरची होते आणि लॅबचे सात-आठ खोके आरामात मावतात. आईला एकदा टेकडी गणपतीला नेलं. बसताना नीट बसली, काढायला मी आणि पार्किंगवाला, दोघं लागलो. “एवढ्या पैशात बेसा भागात प्लॉट आला असता,” हे तिचं परीक्षण. प्लॉट या पैशात येत नाही आता, पण तिला कोण सांगणार?

खरा त्रास रस्त्यांचा आहे, आणि तो खड्ड्यांचा नव्हे. गेल्या काही वर्षांत नागपुरात गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले. जुना रस्ता न खरवडता वर थर चढला की घरं खाली जातात. आमच्या फाटकातून रस्त्यावर चढायचं म्हणजे वीतभर पायरी. उंच गाड्यांना ते कळतही नाही. टीटीची हनुवटी, म्हणजे पुढच्या बंपरची खालची कड, पहिल्याच दिवशी घासली, तो आवाज मी अजून विसरले नाही. सुताराकडून सागवानी फळ्यांचे दोन उतार करून घेतले, खाली रबर ठोकलं. रोज सकाळी फळ्या लावायच्या, गाडी काढायची, उतरून फळ्या आत टाकायच्या. शेजारचे काका आधी हसायचे. आता त्यांच्या सुनेच्या स्कूटरसाठी फळ्या मागून नेतात.

कागदांत एकच अडचण आली. डॉक्टरांचं गाडीचं कर्ज २०१६ मध्येच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० तर लागतातच, त्याआधी बँकेचं नाव काढायला तिचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. ते पत्र शोधण्यात तीन आठवडे गेले. पैसे देण्याआधी आरसीची ती ओळ वाचा. आणि १५ वर्षांचं गणितही मांडा. माझ्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये संपते, मग तपासणी, पर्यावरण कर आणि पुढची पाच वर्षं. टीटीचं उत्पादन २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे बारीकसारीक सुट्या भागांसाठी मुंबईकडे डोळे लावावे लागतात.

एवढं सगळं सांगून झाल्यावर लोक विचारतात, पुन्हा घेशील का? घेईन. फक्त ३१ हजारवालीऐवजी ७० हजार चाललेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली घेईन. रोजची दुसरी गाडी घरात नसेल तर मात्र घेऊ नका.

रोज संध्याकाळी एक गोष्ट मी मुद्दाम करते. दारांना काचेची चौकट नाही, त्यामुळे हँडल ओढलं की काच आधी बोटभर खाली सरकते, मग दार सुटतं, आणि लावलं की काच पुन्हा वर जाऊन रबरात बसते. दोन महिने डाव्या दाराची काच सरकत नव्हती, लॉकमधला बारीक स्विच धुळीने गेला होता. तो बदलल्यापासून गाडी लावली तरी मी एकदा उगाच दार उघडून मिटते.

किल्ली एकच मिळाली होती, दुसरी डॉक्टरांनाही सापडली नाही. नवी मागवली आहे, सहा आठवडे झाले, अजून आलेली नाही. तोवर ही एकुलती एक किल्ली लॅबमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि तिच्या कडीला मी ॲक्रिलिकची एक दाढ अडकवली आहे. शेड ए-टू.