वाशीतला एडीचा रविवारचा क्लास: सर एक नंबर, नोट्स शिळ्या

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर टाकतो. वाशी स्टेशनवरून चालत जाता येईल असा एक एव्हिएशन क्लास आहे, तिथला एअरवर्दीनेस डिरेक्टिव्हचा म्हणजे एडीचा महिनाभराचा रविवारचा कोर्स मी केला. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली कौतुक आहे तसं वाभाडेही काढलेत, आणि मला कोणाशी भांडत बसायचं नाही. मी स्वतः टेक्निकल रेकॉर्ड्सला, म्हणजे विमानांच्या देखभालीचे कागद सांभाळायच्या कामाला आहे, राहायला ठाण्यात, त्यामुळे ट्रान्स-हार्बरने जायचो. रविवारी मेगाब्लॉक असला की कसे हाल होतात ते ठाणेकरांना सांगायला नको.

ज्यांचा या लाइनशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या विमानात किंवा इंजिनात असा दोष सापडला की जो त्याच डिझाइनच्या बाकीच्या विमानांतही असू शकतो किंवा पुढे होऊ शकतो, तर रेग्युलेटर ऑर्डर काढतो की एवढ्या वेळात हे तपासा, हे बदला, नाहीतर उडवू नका. बोइंग असेल तर अमेरिकेची एफएए, एअरबस असेल तर युरोपची ईएएसए, म्हणजे डिझाइन जिथलं तिथला रेग्युलेटर आधी बोलतो आणि आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे आपला रेग्युलेटर, ते पाळून घेतं. एएमई म्हणजे विमान देखभालीच्या इंजिनीअरच्या लायसन्सच्या मॉड्यूल १० मध्ये, म्हणजे कायद्याच्या पेपरात, हे सगळं येतं पण तिथे पोरं एमसीक्यू पाठ करून पास होतात आणि मग हँगरमध्ये पहिल्यांदा खरा एडी हातात आला की कुठून वाचायला सुरुवात करायची तेच कळत नाही.

या क्लासची खरी किंमत इथेच वसूल होते. शिकवणारे सर कलिन्याला आयुष्य काढून रिटायर झालेले आहेत, बोलणं एकदम तिरकस, पण पहिल्या दिवशी त्यांनी स्लाइड लावलीच नाही. प्रत्येकाच्या हातात एका एडीची प्रिंट दिली आणि म्हणाले, नंबर वाचा. २०१८-२३-५१. कोणालाच काही सांगता येईना. मग त्यांनी फोड करून सांगितली: २०१८ हे वर्ष, २३ म्हणजे त्या वर्षातला तेविसावा पंधरवडा, आणि शेवटचा आकडा ५१ पासून पुढे असला की समजायचं इमर्जन्सी आहे. हा तोच ७३७ मॅक्सवाला, २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं विमान पडून १८९ माणसं गेली त्यानंतर नोव्हेंबरात निघालेला. नुसत्या नंबरवरून कागद किती तातडीचा आहे ते कळतं हे मला एवढी वर्षं रेकॉर्ड्सला बसून कोणी समजावून सांगितलं नव्हतं, आम्ही नंबर कॉपी-पेस्ट करतो आणि पुढे जातो.

मग अॅप्लिकेबिलिटी, म्हणजे एडी नेमका कोणाला लागू. सरांचं म्हणणं, निम्मी लोकं इथेच आपटतात. मॉडेल बघतात आणि मोकळे होतात, सीरियल नंबर बघत नाहीत, पार्ट नंबर तर नाहीच. यासाठी त्यांनी नोव्हेंबर २०२५ चा एअरबस ए३२० चा इलॅकवाला (इलॅक म्हणजे फ्लाइट कंट्रोलचा एक कॉम्प्युटर) घेतला. आठवत असेल तर त्या वीकेंडला सगळ्या न्यूज चॅनलवर तेच चालू होतं. ३० ऑक्टोबरला जेटब्लूचं कॅनकूनहून नुअर्कला चाललेलं विमान अचानक नाक खाली करून गेलं, टॅम्पाला उतरवावं लागलं, आणि एअरबसने शोधलं की तीव्र सौर किरणोत्सर्गाने फ्लाइट कंट्रोलचा डेटा बिघडू शकतो. २८ नोव्हेंबरला आधी एअरबसचा अलर्ट आणि पाठोपाठ ईएएसएचा इमर्जन्सी एडी, जगभरातली सुमारे ६,००० विमानं त्यात आली, आपल्याकडची ३३८. चॅनलवाल्यांनी ‘सगळी ए३२० बंद’ असं ठोकून दिलं. पण कागद नीट वाचला तर प्रश्न एकच आहे, तुमच्या विमानात इलॅक बीचं एल१०४ स्टँडर्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची ती आवृत्ती, बसवलंय का. बसवलं असेल तर पुढच्या उड्डाणाआधी बदला किंवा आधीच्या स्टँडर्डवर आणा. नसेल तर रेकॉर्डमध्ये तसं दाखवा आणि झोपायला जा. बहुतेक विमानांना दोन-तीन तासांत जुनं सॉफ्टवेअर टाकून काम भागलं. सरांनी आम्हाला एका काल्पनिक फ्लीटची कॉम्पोनंट लिस्ट दिली आणि कोणतं विमान सकाळी जाईल आणि कोणतं नाही ते सांगा म्हणाले. वर्गात पहिल्यांदा आवाज झाला तो तेव्हा.

कम्प्लायन्स टाइमचा, म्हणजे एडीतलं काम किती वेळात करायचं त्याचा, तास तर पैसे वसूल. ५०० सायकल (एक टेकऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल) किंवा ६ महिने, जे आधी होईल ते. साधं वाटतं ना? मग फळ्यावर मांडलं: मुंबई-दिल्ली, मुंबई-गोवा असं दिवसभर पळणारं विमान दिवसाला सहा सायकल मारत असेल तर ५०० सायकल तीन महिन्यांच्या आतच संपतात. तेच लाँग हॉलचं विमान दिवसाला दोनच सायकल करतं, त्याला अडीचशे दिवस लागतील, म्हणजे तिथे सहा महिने आधी येतात. एकाच वाक्यातून दोन विमानांना दोन वेगळ्या तारखा. आणि वाक्यात ‘आधी’ च्या जागी ‘नंतर’ असेल तर सगळंच उलटं. प्लॅनिंगवाल्या पोरांनी हा एक तास जरी केला तरी बस.

ड्रीमलायनरचा किस्सा सरांचा फेव्हरेट दिसतो. २०१५ मध्ये एफएएने ७८७ साठी एडी काढला की विमानाची पॉवर सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर कंट्रोल युनिटमधला काउंटर ओव्हरफ्लो होऊन चारही युनिट एकदम फेल-सेफमध्ये जाऊ शकतात, म्हणजे एसी पॉवर गुल. उपाय काय, ठरावीक दिवसांनी वीज बंद करून परत चालू करा. वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी फळ्यावर २,१४,७४,८३,६४७ लिहिलं, ३२ बिटच्या साइन्ड काउंटरमध्ये (एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो) मावणारा सगळ्यात मोठा आकडा, सेकंदाच्या शंभराव्या भागात धरून भागत गेले आणि उत्तर आलं २४८ आणि वर थोडं. मागच्या बेंचवरची एक कॉम्प्युटरवाली मुलगी जोरात ‘अरे देवा’ म्हणाली.

पण मला सगळ्यात जास्त लागला तो डीसी-१० चा भाग. १२ जून १९७२ ला अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० चा मागचा कार्गो डोअर कॅनडातल्या विंडसरवर हवेत उघडला, केबिनची जमीन खचली, वैमानिकांनी कसंबसं डेट्रॉइटला उतरवलं, सगळे वाचले. दोष कळला होता, एडीचा मसुदाही तयार होता. पण एफएएचे प्रमुख आणि विमान बनवणाऱ्या मॅकडॉनल डग्लसच्या डग्लस विभागाचे अध्यक्ष यांच्यात फोनवर ठरलं की एडी नको, कंपनी सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे सक्ती नसलेलं स्वतःचं सूचनापत्रक, काढून दुरुस्ती करेल. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० त्याच दरवाज्यामुळे पडलं, ३४६ माणसं. आणि त्या विमानाच्या कारखान्यातल्या कागदावर दुरुस्ती झाल्याचे शिक्के होते, प्रत्यक्षात सपोर्ट प्लेट बसवलेलीच नव्हती. मी रेकॉर्ड्सचा माणूस, शिक्का बघून पुढे जाणं हेच आमचं काम. त्या दिवशी ट्रेनमध्ये फोन बघावासा वाटला नाही.

तिथूनच त्यांनी आपल्याकडचं उदाहरण काढलं. डिसेंबर २०१८ मध्ये एफएएने बोइंगच्या फ्युएल कंट्रोल स्विचच्या (इंजिनाचं इंधन चालू-बंद करणाऱ्या) लॉकिंगबद्दल एक माहितीपत्रक काढलं होतं, सल्ला होता, सक्ती नव्हती. एआय-१७१ च्या, म्हणजे जून २०२५ ला अहमदाबादला पडलेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या, प्राथमिक रिपोर्टमध्ये आलं की सक्ती नसल्यामुळे ती तपासणी केली नव्हती, आणि मग १४ जुलै २०२५ ला डीजीसीएने २१ जुलैपर्यंत तपासून टाका असं सांगितलं. एका पोराने लगेच ‘म्हणजे हेच कारण’ असं सुरू केलं तर सर त्याच्यावर जाम भडकले, रिपोर्टमध्ये असं कुठे लिहिलंय ते ओळ दाखव म्हणाले. मला हे आवडलं. व्हॉट्सअॅपवर चालतं तसं इथे चालू दिलं नाही.

आता तक्रारी. मोठी तक्रार नोट्सची. क्लासचं बाइंडिंग केलेलं जाडजूड बुक मिळतं, त्यात तो २०१८-२३-५१ ‘लागू’ म्हणून छापलाय. अहो, तो २०२० मध्येच सुपरसीड झाला, २०२०-२४-०२ आला, मॅक्स परत उडायला लागलं तेव्हाचा! सरांनी स्वतः वर्गात खोडून घ्यायला लावलं. मी ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं तर तिथल्या मॅडम म्हणतात, कंटेंट तोच आहे ना, एडिशन जुनी आहे फक्त. एडी शिकवणाऱ्या क्लासने असं म्हणावं म्हणजे डॉक्टरने एक्स्पायरी झालेली गोळी देऊन ‘कंपनी तीच आहे’ म्हणावं तसं झालं. बुक घेऊच नका, ईएएसए आणि एफएएच्या साइटवर सगळे एडी फुकट मिळतात, तिथून ताजे काढा. नवीन निघाला की मेल येईल असं सबस्क्रिप्शनही करता येतं.

दुसरं, ट्रॅकिंगचा भाग फार घाईत उरकला. रिपिटेटिव्ह इन्स्पेक्शन (ठरावीक अंतराने परत परत तपासणी) कसं चालू ठेवायचं, टर्मिनेटिंग अॅक्शन (ती तपासणी कायमची संपवणारी दुरुस्ती) झाल्यावर ते कुठे क्लोज करायचं, दुसऱ्या देशातून लीजवर आलेल्या विमानाची जुनी एडी स्टेटस कशी पडताळायची, वेगळी पद्धत वापरायची तर एएमओसी, म्हणजे त्या पद्धतीची मंजुरी, कोणाकडे मागायची, हे सगळं एका दुपारीत. सॉफ्टवेअर तर दाखवलंच नाही, एक्सेलची शीट दिली. कॅमोमध्ये, म्हणजे विमानांच्या देखभालीचं नियोजन आणि नोंदी बघणाऱ्या विभागात, काम करणाऱ्यांना हेच हवं असतं हो.

बाकी एसी बरा, बेंच अरुंद, पार्किंगचं नाव काढू नका. रिसेप्शनवर नवी मुंबई विमानतळावर प्लेसमेंट वगैरे जे बोलतात त्याकडे साफ दुर्लक्ष करा, विमानतळ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यापासून या पट्ट्यातले सगळेच क्लास तेच गाणं गातायत. फी थोडी जास्त वाटली, बुकचे पैसे वजा करायला सांगितलं तर करतात, पण मागावं लागतं. सर्टिफिकेटला भिंतीवर लावण्यापलीकडे किंमत नाही.

मॉड्यूल १० ची तयारी करणाऱ्यांनी आणि नवीन रेकॉर्ड्स, प्लॅनिंगला लागलेल्यांनी जायला हरकत नाही. पाच-सात वर्षं कॅमोमध्ये काढलेल्यांना पहिले दोन रविवार आवडतील, नंतर कंटाळा येईल. पैसे भरायच्या आधी फोन करून रिटायर्ड सरच शिकवणार ना ते पक्कं विचारा, कारण एक दुसरे पण आहेत, त्यांच्या बॅचला माझा ऑफिसचा मित्र होता, ते स्लाइड वाचून दाखवतात आणि साडेबाराला सोडतात.