नगरपालिका रिव्ह्यू: गाळ्यांना १ स्टार, शिफारस पत्राच्या टेबलाला ४

हॉटेलचा रिव्ह्यू लिहितात, मोबाईलचा लिहितात, मग नगरपालिकेचा का नको, घरपट्टी पाणीपट्टी भरतोच की आपण, म्हणजे गिऱ्हाईकच झालो ना. गावाचं नाव सांगत नाही, कारण आईचा गाडा अजून तिथेच लागतो आणि उद्यापण तिथेच लागायला हवाय. मराठवाड्यातली ब वर्ग नगरपालिका, म्हणजे चाळीस हजार ते एक लाखाच्या मधली वस्ती, एवढं बास.

आईचा गाडा इडली-आप्प्याचा, एसटी स्टँडच्या बाहेर, सकाळी साडेसहा ते अकरा. कागदपत्रं, बँक, ऑनलाइन फॉर्म हे खातं माझ्याकडे. त्यामुळे गेल्या पाच-सहा वर्षांत गावाचा "विकास" मी बऱ्यापैकी जवळून बघितलाय, म्हणजे त्याच्या लाईनीत उभा राहून.

सुरुवात व्यापारी संकुलापासून, कारण भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर तेच होतं, "छोट्या व्यावसायिकांना हक्काची जागा". दोन मजली बिल्डिंग, खाली गाळे वर गाळे, जिना मागच्या बाजूला, तोही एवढा अरुंद की वरून उतरणारा आणि खालून चढणारा यांनी आधी ठरवून घ्यावं लागतं कोण थांबणार. आम्ही लिलावाच्या आधी बघायला गेलो होतो, आई पहिल्या वळणावरच थांबली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "इडली खायला इथं कोण चढंल रे?" विषय तिथेच संपला खरं तर, तरी मी ऑफिसात जाऊन चौकशी केली. अनामत तीन लाख, भाडं महिना साडेचार हजार, वरच्या मजल्याला थोडं कमी. ज्याच्याकडे तीन लाख रोख आहेत तो गाडा कशाला लावेल हो?

आज परिस्थिती अशी की खाली एक झेरॉक्सवाला, एक मेडिकल आणि एका पक्षाचं ऑफिस जे निवडणुकीपुरतं उघडतं, बाकी शटरना गंज, वर शेळ्या बसतात दुपारच्या, सावली चांगली आहे म्हणे. संडास बांधलाय पण कुलूप, चावी वॉचमनकडे, आणि वॉचमन कुणाकडे ते माहीत नाही. आणि गंमत बघा, जुनं संकुल आहे ना भाजी मंडईजवळचं, तिथले गाळे ज्यांनी कधीकाळी घेतले त्यांचं नगरपालिकेला जाणारं भाडं अजून काहीशे रुपयांत आहे आणि तेच गाळे आत दुसऱ्याला हजारोंनी दिलेत. सगळ्या गावाला माहितीय. म्हणजे जिथे मागणी आहे तिथलं भाडं नगरपालिकेला मिळत नाही आणि जिथे मिळवायचंय तिथे माणूस फिरकत नाही.

मग बांधतात कशाला, हा प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या एका रिटायर झालेल्या कारकून काकांना विचारला. त्यांनी सांगितलं ते पटलं. १९९९ ला नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, बंद झाली, तोपर्यंत रोज नाक्यावर स्वतःचा पैसा जमायचा, गावात धंदा वाढला की पालिकेची पेटी पण भरायची. ते गेलं, बदल्यात वरून सहायक अनुदान सुरू झालं. आता स्वतःचं म्हणावं असं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि बाजार फी एवढंच, तेही पूर्ण वसूल होत नाही. वित्त आयोगाचा पैसा येतो पण १५ व्या आयोगाच्या वेळी आपल्यासारख्या लहान शहरांना त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा असं बंधन होतं. बाकी योजनेतून निधी आणायचा तर तो बांधकामालाच मिळतो. काका म्हणाले, "बाळा, नळाला तोटी बसवायला कुणी निधी देत नाही, टाकी बांधायला देतं." संकुलाला १ स्टार, तो पण शेळ्यांसाठी.

आता चांगलं. खरंच चांगलं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पीएम स्वनिधी, म्हणजे फेरीवाल्यांना लोन देणारी केंद्राची योजना, जून २०२० मध्ये सुरू झाली, लॉकडाऊनमध्ये गाडा तीन महिने बंद होता आणि आमच्याकडे उसनवारी चालू होती. तेव्हा पहिलं लोन १० हजार, वर्षात फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्क्यांची सबसिडी खात्यात. पण अट अशी होती की २४ मार्च २०२० च्या आधीपासून तुम्ही फेरीवाले आहात हे दाखवायला पाहिजे. आईचं नाव नगरपालिकेच्या सर्व्हेत नव्हतं. सर्व्हे झाला म्हणे दुपारी, आणि आमचा गाडा अकराला उठतो! अशांसाठी नगरपालिकेचं शिफारस पत्र लागतं. मी गेलो, तळमजल्यावर जिन्याखाली एक टेबल, तिथे कंत्राटी मॅडम, समुदाय संघटक असं त्यांचं पद. मला वाटलं आता चार चकरा. मॅडमनी विचारलं, "मावशी, गाडा लावता याचं काही आहे का तुमच्याकडं, काहीपण?"

आई काही न बोलता घरी गेली आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात बाजार बैठक फीच्या पावत्या. रोज सकाळी ठेकेदाराचा पोऱ्या येतो ना, गुलाबी पावती फाडून देतो, लोक तिथेच टाकतात, त्यात वडे बांधतात, आमच्या आईने त्या रबर लावून महिन्याप्रमाणे ठेवलेल्या. २०१७ पासूनच्या. पावतीवर छापलेले १०, घेणार २०, ही तक्रार वेगळी, पण शिक्का नगरपालिकेचा आणि तारीख बॉलपेनने लिहिलेली. मॅडमनी तीन-चार उलटून बघितल्या, हसल्या, म्हणाल्या "मावशी, आमच्या ऑफिसात पण एवढं रेकॉर्ड नाही". पंधरा दिवसांत निकाली काढायचा नियम आहे, आम्हाला नवव्या दिवशी पत्र मिळालं. एक रुपया कुणी मागितला नाही, हे मुद्दाम लिहितोय.

बँकेत मात्र दोन चकरा झाल्या, साहेब म्हणाले फेरीवाले लोन बुडवतात, मग मॅडमनी स्वतः फोन केला तेव्हा काम हललं. दहा हजारात दुसरी शेगडी आणि मोठं आप्पेपात्र आलं. त्याआधी हेच दहा हजार लागले की स्टँडसमोरच्या एका माणसाकडून घ्यायचो, रोज शंभर द्यायचे आणि मुद्दल वेगळं, हिशेब करा. स्वनिधीचा हप्ता महिन्याला नऊशेच्या आत. फेडलं, मग २० हजार, त्यातून ग्राइंडर घेतला. हा ग्राइंडर म्हणजे खरा आर्थिक विकास. पूर्वी पीठ बाहेरून दळून आणायचो, किलोवर पैसे, आणि उन्हाळ्यात दुकानदार उशीर करायचा तर पीठ जास्त आंबायचं, इडली आंबट व्हायची, गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. आता रात्री नऊला घरी दळतो. शेजारच्या दोन गाड्यांना पण आईच पीठ देते, त्याचे वेगळे सुटतात. तिसरं ५० हजारांचं लोन २०२४ मध्ये झालं, त्यात स्टीलचा नवा गाडा. क्यूआर कोडचा कॅशबॅक महिन्याला शंभरपर्यंत यायचा, आईला त्याचं कौतुक जास्त, लोनपेक्षा.

नव्याने घेणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२५ मध्ये योजना बदललीय, पहिलं लोन १५, दुसरं २५, तिसरं ५० हजार, मुदत मार्च २०३० पर्यंत वाढलीय, दुसरं लोन वेळेवर फेडलं की रुपे क्रेडिट कार्ड पण आहे. पावत्या फेकू नका एवढंच सांगेन.

मग ४ च स्टार का, तर एक कापलाय तो अतिक्रमण विभागामुळे. २०२३ मध्ये कुणीतरी मोठे पाहुणे येणार होते, आदल्या दिवशी ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन पथक आलं आणि गाडा उचलायला लागलं. आईने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, नगरपालिकेचंच, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं. पथकातला माणूस म्हणतो, "ते त्या विभागाचं आहे, आमचं नाही." दोन्ही विभाग एकाच बिल्डिंगमध्ये, मध्ये फक्त जिना! २०१४ च्या फेरीवाला कायद्यात स्पष्ट आहे, प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. आणि पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडून आलेले पाहिजेत, त्यात तिसरा हिस्सा बायका. आमच्याकडे समिती आहे असं फाईल सांगते, बैठकीचं बोलावणं कुणाला आलेलं मी ऐकलं नाही. मॅडमनीच मध्ये पडून गाडा सोडवला, पण त्या दिवशीचं पीठ गेलं, चटणी ट्रॉलीत सांडली.

नगरपालिकांना जमत नाही असं नाही हां. कोकणातलं वेंगुर्ला बघा, तेवढीशी नगरपालिका, कचरा डेपोचं लोकांनी बघायला यावं असं ठिकाण करून टाकलं, प्लास्टिक रस्त्यात वापरलं, कचऱ्यातून वस्तू विकून पैसा उभा केला. आमच्याकडे डेपोला आग लागली की एसटी स्टँडपर्यंत धूर येतो.

डिसेंबर २०२५ ला एवढ्या वर्षांनी निवडणुका झाल्या, प्रशासक गेले, नवीन बॉडी आली. प्रचाराला एक उमेदवार गाड्यावर आले होते, इडली खाल्ली, पैसे दिले हे विशेष, आणि म्हणाले काकू, आठवडी बाजाराच्या मैदानावर तीन मजली संकुल आणतो. आईने विचारलं, "दादा, स्टँडजवळ एक नळ देता का? पाणी मी दोन गल्ल्या लांबून आणते." ते म्हणाले बघतो. अजून बघतायत.

तर टेबल चांगलं आहे, जा. आधारची आणि पासबुकची दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा, मोबाईल नंबर आधारला लिंक केलेला पाहिजे. फक्त मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी आठवडी बाजार असतो आणि मॅडमना वसुलीच्या ड्युटीवर पाठवतात.