एक पावसाळा, तीन छत्र्या: वापरानंतरचा अनुभव

छत्री घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक 'रंग छान, पॅकिंग मस्त' लिहून पाच तारे देतात, त्याचा घेणाऱ्याला काडीचाही उपयोग नाही. छत्री कशी आहे ते जुलैत कळतं. म्हणून परतीचा पाऊस होईपर्यंत थांबले. माझी रोजची पायपीट चर्चगेट ते नरिमन पॉइंट. तिथे समुद्राकडून येणारा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना जास्त सांगायला नको.

छत्र्या तिन्ही घडीच्या, पर्समध्ये मावणाऱ्या. पहिली ऑनलाइन घेतलेली, २७९ रुपये. लेबलवर एमआरपी ८९९, मूळ देश चीन. दुसरी मशीद बंदरच्या घाऊक बाजारातली, ४९० रुपये, 'मेड इन इंडिया'. तिसरी ११५० रुपयांची, फायबरच्या काड्यांची. ती खरं तर नवऱ्याची, पण ऑगस्टपासून माझ्याकडेच आहे आणि आता परत मिळणार नाही हे त्यालाही कळून चुकलंय. तिच्याही लेबलवर चीनच.

आधी २७९ वालीबद्दल, कारण बहुतेक जण तीच घेतात. जूनमध्ये तक्रारीला जागा नव्हती. बटण दाबलं की फटकन उघडायची, वजनाला हलकी, आतून चंदेरी मुलामा. पहिल्या जोराच्या पावसात एक गोष्ट लक्षात आली. कापडातून थेंब गळत नव्हते, पण चेहऱ्यावर बारीक तुषार येत होते. कापड विरळ विणीचं असलं की आदळलेलं पाणी असं फुटून आत येतं. मुलामा होता तोवर थोडं अडत होतं, पण ओली छत्री कव्हरात कोंबून ठेवल्यावर तो घडीघडीवर चिकटून सुटायला लागला. मग केसांत चंदेरी कण.

खरा घोटाळा काड्यांचा. घडीच्या छत्रीत प्रत्येक काडी दोन-तीन ठिकाणी दुमडते आणि प्रत्येक दुमडीवर एक रिव्हेट, म्हणजे दोन तुकडे जोडणारी बारीक खिळी, असतं. या छत्रीच्या काड्या म्हणजे पन्हळीसारखा वाकवलेला पातळ पत्रा. रिव्हेटसाठी त्याला भोक पाडलेलं, आणि वारा आला की नेमका त्या भोकापाशीच तो मुडपतो. छत्री उलटी झाली, मी सरळ केली, पण एकदा मुडपलेला पत्रा पहिल्यासारखा होत नाही. पुढच्या वाऱ्यात तिथेच तुटला. तोपर्यंत रिव्हेटं गंजून कापडावर तपकिरी डागही पडले होते.

स्टेशनबाहेरच्या छत्रीवाल्याकडे नेली. त्याने उघडून पाहिली आणि हसला. "ताई, हिची काडी बाजारात मिळत नाय. परत्येकाचं माप येगळं. दुसऱ्या मेलेल्या छत्रीची काढून बसवतो, चालंल?" चाळीस रुपये घेतले, तारेने बांधून दिली. आठवडाभर चालली.

४९० वालीचं कापड दाट आहे, शिवण नीट आहे, काडीच्या टोकांची टोपणं दुहेरी दोऱ्याने टाचलेली आहेत. तुषार नाहीत. पण सांगाडा? तोच पन्हळीचा पत्रा, किंचित जाड. ऑगस्टअखेर दोन काड्या वाकल्या. विकणाऱ्यालाच विचारलं तर म्हणाला, "सांगाडा बाहेरून येतो, कापड आणि शिलाई आपली." आपल्याकडे जोडल्या जाणाऱ्या बऱ्याच छत्र्यांची हीच गोष्ट आहे. 'मेड इन इंडिया' खोटं नाही, पण जो भाग वाऱ्याशी झुंजतो तो इथला नाही.

तिसरीबद्दल लिहायला फारसं काही नाही, हीच तिची तारीफ. फायबरची काडी वाऱ्यात धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होते. उलटी झाली तरी मिटून पुन्हा उघडली की झालं. गंज नाही. मुठीचं रबर थोडं चिकट झालंय, तेवढंच.

आता मुद्दा. मला वाटायचं, बाहेरच्या मालावर शुल्क वाढवलं की निदान भंगार तरी यायचं थांबेल. २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी छत्र्यांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के केलं, सुट्या भागांना असलेली सवलतही काढून घेतली. हेतू लघुउद्योगांना आधार देण्याचा. पण हिशोब मांडून बघा. तेव्हाचं हे शुल्क नुसतं किमतीच्या टक्क्यांत होतं. बंदरात ८० रुपये किंमत लागलेल्या छत्रीवर ८ चे १६ झाले. ४०० लागलेल्या चांगल्या छत्रीवर ४० चे ८०. म्हणजे जी जुलैत मोडणार तिच्यावर आठ रुपयांचा जादा भार पडला आणि जी चार पावसाळे काढेल तिच्यावर चाळीसचा. शिवाय बाहेरचा सांगाडा आणून इथे कापड चढवणाराही त्यात आलाच. ऑनलाइन २७९ चा आकडा हलू द्यायचा नसेल तर ते आठ रुपये कुठून तरी काढावे लागतात. माझा संशय पत्र्याच्या जाडीवर आहे.

चिनी माल वाईट म्हणून हात झटकायचे तर माझी सगळ्यात टिकाऊ छत्री चिनीच निघाली, त्याचं काय? चीनच्या चेच्यांग प्रांतातलं सोंगशिया गाव छत्र्यांसाठीच ओळखलं जातं. तिथे तुम्ही सांगाल त्या भावाची छत्री बनते. ८० ची मागितली की ८० ची मिळते.

खेळण्यांच्या बाबतीत जरा वेगळं झालं. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले. २०२० मध्ये शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के केलं गेलं (२०२३ मध्ये ७०), पण त्याच्या जोडीला १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, देशी-परदेशी दोन्हींना. भाचीसाठी खेळणं घेताना मी आता तो शिक्का शोधते आणि तो सापडतो. या तिन्ही छत्र्यांवर तसलं काहीही नाही. ८९९ ही एमआरपी मात्र ठळक.

मुलाचं खेळणं आणि छत्री यांची बरोबरी होत नाही, मान्य. छत्रीने फार तर माणूस भिजतो. तरी काडी कशाची आहे आणि ती किती वारा सोसते, एवढं लेबलवर छापायची सक्ती झाली तर त्याचा माझ्यासारखीला शुल्कापेक्षा जास्त उपयोग होईल.

तारे: पहिलीला एक, तोही जूनसाठी. दुसरीला तीन, कापड आणि शिलाईमुळे. शिलाई अशी जमत असताना त्या कंपनीने फायबरचा सांगाडा घालून ६५० लावले तर मी डोळे मिटून घेईन. तिसरीला साडेचार.

दुकानात घेणार असाल तर छत्री उघडून आतून बघा. काडीचा शेवटचा तुकडा काळा किंवा पांढरा, गोल आणि भरीव दिसला तर फायबर, चकचकीत आणि आतून पोकळ पन्हळ दिसली तर पत्रा. कित्येक छत्र्यांत फक्त टोकाचा तुकडा फायबरचा असतो आणि मधला पत्र्याचा. 'फायबर' म्हणून विकतात त्यातल्या पुष्कळ अशाच. दांडा पूर्ण ओढून हलवून पाहा, खुळखुळला तर ठेवून द्या. चंदेरी मुलाम्यापेक्षा आतून काळी छत्री बरी. आणि खरेदी शक्यतो ऑक्टोबरात उरकून टाका, मेअखेरीला तीच छत्री शे-दीडशेने चढलेली असते.