सायकलचा पंक्चर किट : पॅच चांगले, लिव्हर कच्चे

सहा पॅच, सोल्यूशनची (पॅच चिकटवायच्या गोंदाची) छोटी ट्यूब, काचकागद आणि टायर रिमवरून काढायचे दोन प्लास्टिक लिव्हर असा हा साधा किट. ठाण्यातल्या येऊरला किंवा नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर फिरणाऱ्यांनी सीटखालच्या पिशवीत जरूर ठेवावा.

पॅच उत्तम आहेत. कडा पातळ असल्यामुळे टायरच्या आत उंचवटा राहत नाही. पण सोल्यूशन लावल्या लावल्या पॅच चिकटवला तर तो हमखास सुटतो, आणि दोष मात्र पॅचला दिला जातो. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा काचकागदाने घासून चकाकी घालवा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि तीन ते पाच मिनिटं थांबा. ओलेपणा गेला की पॅच मधून कडेकडे दाबत न्या. पावसाळ्यात चाकाची ट्यूब आधी पूर्ण कोरडी करा.

टायरच्या आतून सावकाश बोट फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालू नका. तार किंवा काचेचा कण तिथेच राहिला तर पुन्हा पंक्चर ठरलेलं. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर कारण काटा नव्हे. कमी हवेत खड्ड्यावर आदळून रिमने ट्यूब चिमटली आहे. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिम टेप (ट्यूबला स्पोकच्या टोकांपासून वाचवणारी रिमवरची पट्टी) तपासा.

लिव्हर मात्र बारीक टायरला वाकतात, ते वेगळे घ्या. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, म्हणून एक जास्तीची ठेवा.